चेन्नईच्या भरवस्तीतले रानमांजर

चेन्नईला जाणारी मंडळी मुलांना घेऊन गिंडीचे बालोद्यान हमखास पाहतात. शेजारच्या सर्पोद्यानात नाग, अजगर पाहून मुले खूश होतात. पण याच आवाराला लागून, ऐन शहरात, चक्क एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे काळविटांच्या सोबतीने एक रानटी मांजरही राहते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे रान एकेकाळी मद्रासच्या गव्हर्नरांच्या बंगल्याचे आवार होते. पुढे त्यातलीच जागा आयआयटीला मिळाली. उरलेल्या जंगलाला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला. क्षेत्रफळ जेमतेम २.७ चौरस किलोमीटर. म्हणजे देशातल्या सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. एवढ्याशा जागेत वाघ-बिबट्या कुठून असणार? म्हणून मांजराच्या कुळाचे नाव तिथे रानमांजर राखते. तमिळमध्ये त्याला 'काट्टुप्पूनै' म्हणतात, तर आपल्याकडे 'बाऊल'.

ओळखायचे कसे?

बाऊल घरच्या मांजरापेक्षा थोराड असतो. पाय लांब, अंग सडपातळ आणि शेपूट मात्र आखूड. डोक्यासह शरीराची लांबी साधारण साठ सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो. रंग वाळूसारखा, पिवळट-करडा. पाठीवर ठिपके नाहीत की ठळक पट्टे नाहीत. पायांवर पुसट रेघा आणि शेपटीच्या टोकाकडे काळी वळी एवढीच काय ती नक्षी.

कानांच्या टोकाला काळ्या केसांचे बारीक झुपके असतात. त्यामुळे पुष्कळदा बाऊल पाहून 'शशकर्ण दिसला' अशी आवई उठते. शशकर्ण म्हणजे कॅरॅकल. फिरोजशाह तुघलकाने शिकारीसाठी पाळलेला 'सियाहगोश' तो हाच. पण तो बराच मोठा, तांबूस रंगाचा, आणि त्याचे झुपके चांगले लांब व ठसठशीत. भारतात तो आता राजस्थान आणि कच्छ एवढ्याच भागात कसाबसा तग धरून आहे. बाऊल मात्र इजिप्तपासून व्हिएतनामपर्यंत आढळतो. प्राचीन इजिप्तमधल्या मांजरांच्या ममींमध्येही त्याचे अवशेष मिळाले आहेत.

शेतकऱ्याचा मित्र

नाव रानमांजर असले तरी घनदाट अरण्य त्याला मानवत नाही. गवताळ माळ, तळ्याकाठची लव्हाळी, झुडपे आणि शेते ही त्याची खरी ठिकाणे. तो उत्तम पोहतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. क्वचित भर दिवसाही दिसतो. उंदीर-घुशी हे मुख्य अन्न. त्याखेरीज पक्षी, ससे, सरडे, प्रसंगी सापही. खुराड्यातली एखादी कोंबडी तो पळवतो हे खरे. पण त्याच्या पोटात जाणाऱ्या उंदरांचा हिशेब केला, तर शेतकऱ्याचा फायदाच अधिक.

मादी सुमारे दोन महिन्यांनी विते. एका वेळी बहुधा तीन पिल्ले होतात. लहानपणी त्यांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके असतात. वाढत्या वयाबरोबर ते पुसट होत जातात. याच पट्ट्यांमुळे पुढचा घोटाळा होतो.

पिल्ले उचलू नका

महाराष्ट्रात ऊसतोडीच्या दिवसांत फडात अशी पिल्ले सापडतात. कुणी त्यांना बिबट्याची समजून घाबरतो, तर कुणी कळवळून घरी नेतो, दूध पाजतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांचे पोट बिघडते आणि आईवेगळी वाढलेली पिल्ले शिकार शिकत नाहीत. मग त्यांचे उभे आयुष्य पिंजऱ्यात जाते. वास्तविक, आई बहुधा जवळपासच दडलेली असते. पिल्ले आहेत तिथेच राहू द्यावीत, तेवढ्या जागेतली तोड थांबवावी, कुत्री आणि गर्दी दूर ठेवावी आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. अंधार पडला की आई येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून सुरक्षित जागी नेते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बाऊल पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, हेही लक्षात असावे.

शहराच्या कडेला त्याचे आणखी दोन वैरी आहेत. एक मोकाट कुत्री. दुसरे, नवल वाटेल, पण आपलीच मांजरे. त्यांचे रोग बाऊलला लागतात आणि त्यांच्याशी संकर होऊन त्याचा मूळ वंशही बिघडतो. म्हणून रानाजवळ राहणाऱ्यांनी मांजरांना लस टोचावी, नसबंदी करून घ्यावी आणि उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये.

गिंडीला गेल्यावर बाऊल दिसेलच असे नाही. तो माणसाची चाहूल लागताच झुडपात नाहीसा होतो. पण मुलांना एवढे जरूर सांगावे, की बाहेर मोटारींचे भोंगे वाजत असतानाही इथे आत एक बाऊल स्वतःच्या हिमतीवर पोट भरतो आहे.