क्रिएटिनिन ०.९ म्हणजे किती?

नागपूरच्या जरीपटक्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजीत रक्त दिले की रिपोर्टवर क्रिएटिनिनचा आकडा आणि शेजारी त्याची नॉर्मल मर्यादा छापून येते. आकडा मर्यादेत बसला की किडनी ठणठणीत, असा आपला हिशेब. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. त्यावर उपाय म्हणून नवनव्या मार्करांच्या मागे धावण्यापेक्षा सिस्टॅटिन सी ही एकच रक्तचाचणी, तीही निवडक रुग्णांसाठी, सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांतून मिळावी असे माझे मत आहे.

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. अंगावर मांस कमी असेल तर किडनी मंदावूनही आकडा सोज्वळ दिसतो. ५५ वर्षांची, ४० किलो वजनाची, क्रिएटिनिन ०.८ असलेली बाई घ्या. १९७६ सालच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात हे आकडे घातले तर तिचा क्लिअरन्स, म्हणजे किडनीची गाळण्याची गती, मिनिटाला जेमतेम ५० मिलिलिटर येतो, तेच ०.८ तीस वर्षांच्या सत्तर किलोच्या पुरुषात १३० च्या वर जाते. आता तिची एचआयव्हीवरची एफाविरेन्झची जुनी गोळी बदलून टीएलडी ही नवी गोळी सुरू झाली. तिच्यातले डोल्युटेग्राविर किडनीच्या नलिकांतून क्रिएटिनिन बाहेर पडण्याची एक वाट अडवते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आकडा ०.९ होतो, क्लिअरन्स ४५ वर येतो. गाळण्याचे काम मात्र तसूभरही बिघडलेले नसते. पण याच गोळीतले टेनोफोविर नलिकांना खरोखर इजा करू शकते, आणि ५० च्या खाली त्याचा नेहमीचा डोस चालत नाही. मग वाढलेला तो ०.१ निरुपद्रवी की धोक्याचा? क्रिएटिनिन याचे उत्तर देऊ शकत नाही.

सिस्टॅटिन सी शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात. त्याला स्नायूंची फिकीर नाही, डोल्युटेग्राविरचीही नाही. शंका असेल तिथे दोन्ही आकडे मिळून गाळणक्षमता काढावी, असे केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेचेही सांगणे आहे. आक्षेप असा, की शरीरातला दाह, रक्तातला विषाणू, थायरॉइडची अतिक्रिया, स्टेरॉइड, धूम्रपान यांनी सिस्टॅटिनही वाढते. आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच ती चाचणी विषाणू दबलेल्या, पण क्रिएटिनिनवरून काढलेला क्लिअरन्स काठावर असलेल्या रुग्णांत करावी, सरसकट नाही. खर्चाचा मुद्दाही त्यातच निकालात निघतो. नलिकांची सुरुवातीची इजा मात्र सिस्टॅटिनही पकडत नाही. त्यासाठी लघवीची पट्टी हवी: रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत साखर, हे लक्षण स्वस्तात सापडते. एनगॅल, किम-१ वगैरे नव्या मार्करांवर निबंध भरपूर निघाले, पण कोणत्या आकड्याला गोळी बदलायची यावर एकमत नाही.

उत्तर नागपुरात आणखी एक गुंता आहे: सिकलसेल. विदर्भात तो भरपूर, आणि या आजारात नलिका क्रिएटिनिन जादाच बाहेर टाकतात. किडनी आजारी असूनही आकडा कमीच राहतो. एचआयव्ही आणि सिकलसेल दोन्ही असलेल्या माणसाला टीएलडी दिली, तर एक आजार जी वाट रुंद करतो तीच औषध अडवते. अशा रुग्णाचा पहिला सिस्टॅटिन मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या एआरटी केंद्रात गोळी बदलण्यापूर्वीच मोजलेला असावा. नंतरचा आकडा ताडून पाहायला त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याखेरीज दुसरा आधार नाही.