चिंताविकारांवरील व्यायामोपचार

चिंताविकारांवरील व्यायामोपचार : प्रमाणाबाहेर वाटणारी चिंता व एकाएकी येणारे तीव्र भीतीचे झटके यांची तीव्रता कमी करण्यासाठी नियमित शारीरिक व्यायामाचा केलेला पद्धतशीर उपयोग. सामान्यतः तो मानसोपचार व औषधे यांना पूरक म्हणून योजतात.

व्यवहारात ज्याला ‘पॅनिक ॲटॅक’ म्हणतात त्या झटक्यात छातीत धडधड, धाप, घाम, कंप, भोवळ व मृत्यू जवळ आल्याची भावना ही लक्षणे एकत्र उद्‌भवतात. काही मिनिटांतच ती शिगेला पोहोचतात व नंतर ओसरतात. त्यांपैकी बरीच लक्षणे अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या उद्दीपनामुळे निर्माण होतात. जिना चढताना वा धावताना निरोगी माणसालाही धडधड, धाप व घाम यांचा अनुभव येतो. या साम्यामुळे रोगी श्रम टाळू लागतो. श्रम टाळल्याने शरीराची क्षमता घटते. मग थोड्या चालण्यानेही धडधड होते आणि भीतीला नवे कारण मिळते. हे दुष्टचक्र मोडणे हा या उपचाराचा एक प्रमुख हेतू होय.

इतिहास : अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये हृदयात उघड दोष नसतानाही आढळणाऱ्या धडधडीचे व छातीतील वेदनांचे वर्णन जेकब मेंडिस डाकॉस्टा यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हृद्‌रोगतज्ञ टॉमस ल्यूइस यांनी अशा सैनिकांसाठी दीर्घ विश्रांतीऐवजी क्रमाक्रमाने वाढत जाणारी कवायत योजिली. १९६७ मध्ये पिट्स व मॅक्क्लूर यांनी नीलेतून लॅक्टेट दिल्यास चिंतारोग्यांना झटका येऊ शकतो, असे दाखविले. श्रमामुळेही रक्तातील लॅक्टेट वाढत असल्याने व्यायाम अशा रोग्यांना अपायकारक ठरेल, अशी शंका घेतली गेली. परंतु पुढील परीक्षणांत व्यायामाने झटका क्वचितच येतो, असे दिसून आले.

१९९८ मध्ये ब्रोक्स व त्यांचे सहकारी यांनी जर्मनीत केलेले परीक्षण महत्त्वाचे आहे. त्यात ४६ रोग्यांना तीन गटांत विभागून १० आठवडे अनुक्रमे धावण्याचा व्यायाम, क्लोमिप्रामीन हे औषध व औषधी गुण नसलेली गोळी देण्यात आली. अशा गोळीपेक्षा व्यायाम निश्चित गुणकारी ठरला. मात्र औषधाचा गुण अधिक व लवकर आला. व्यायामाच्या गटातील सु. ३१ टक्के रोग्यांनी उपक्रम मध्येच सोडला, तर क्लोमिप्रामीनच्या गटातील कोणीही सोडला नाही. या उपचारातील खरी अडचण सातत्याची आहे, हे यावरून स्पष्ट होते.

कार्यपद्धती : व्यायामाने वाढलेली धडधड काही अपाय न होता आपोआप शमते, हा अनुभव वारंवार आल्याने शारीरिक संवेदनांविषयीची धास्ती कमी होते. हे तत्त्व वर्तनोपचारातील क्रमिक संमुखीकरणासारखेच आहे. सरावाने विश्रांतीच्या वेळचा नाडीचा वेग कमी होतो व झोप सुधारते. मेंदूतील रासायनिक द्रव्यांतील बदलांचाही यात वाटा असावा. तथापि केवळ एंडॉर्फिनांना श्रेय देणारे लोकप्रिय स्पष्टीकरण अपुरे आहे.

उपचारक्रम : प्रारंभी सपाट रस्त्यावर १० मिनिटे चालणे पुरेसे असते. दर आठवड्यास वेळ थोडा थोडा वाढवून पुढे भरभर चालणे, सायकल चालविणे, पोहणे किंवा सूर्यनमस्कार यांचा अवलंब करता येतो. श्रम मध्यम असावेत. म्हणजे बोलता यावे, पण गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. केवळ घाबरल्यामुळे धडधड जाणवल्यास एकदम थांबून घरी परतू नये. वेग कमी करून चालत राहावे. एकदम थांबल्यास ‘थांबलो म्हणून वाचलो’ ही चुकीची समजूत दृढ होते.

मर्यादा व दक्षता : हृद्‌रोग, दमा, रक्तक्षय व अवटू ग्रंथीची अतिक्रियाशीलता यांमुळेही धडधड किंवा धाप उद्‌भवत असल्याने आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. श्रमाच्या वेळी छातीत दाटून येणारी वेदना किंवा बेशुद्धी ही लक्षणे भीतीची समजून दुर्लक्षू नयेत. अशा वेळी व्यायाम तत्काळ थांबवावा. बीटा-रोधक औषधे घेणाऱ्यांनी श्रमाचे माप नाडीवरून ठरवू नये, कारण त्यांचा नाडीचा वेग पुरेसा वाढत नाही. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. तीव्र विकारात किंवा आत्महत्येचे विचार येत असल्यास केवळ व्यायामावर विसंबणे धोक्याचे असून मनोविकारतज्ञाचे उपचार अनिवार्य ठरतात.