बळाच्या मापाचा कामठा

दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, खानदेशात मिरवणुका निघतात. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल अशा सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत त्या दिवशी ढोलाच्या मागून येणाऱ्या कितीतरी खांद्यांवर तीरकामठा दिसतो. बांबूचा कामठा, दोरीच्या जागी बांबूचीच चिवट कामटी, बरूच्या काडीचा बाण आणि त्याला लोखंडी टोक. 'भिल्ल' हे नावच धनुष्याला असलेल्या 'बिल्' किंवा 'विल्' या द्राविडी शब्दावरून आलं, असं अनेक अभ्यासक मानतात.

याच जिल्ह्यांतल्या शाळकरी मुलांसाठी धनुर्विद्या हा आता स्पर्धेचा खेळ आहे. त्यात इंडियन, रिकर्व्ह आणि कंपाउंड असे तीन प्रकार. बांबूच्या किंवा लाकडी धनुष्यानं सुरुवात केलेलं पोर एक दिवस घरी येऊन सांगतं, 'आता रिकर्व्ह घ्यायचंय.' मग घरात चौकशी सुरू होते ती किमतीची. खरं तर ती मापाची व्हायला हवी. चप्पल घेताना आपण पाय पाहतो, जू करताना बैलाची मान पाहतो. धनुष्य घेताना मात्र आधी धनुष्यच पाहिलं जातं, आणि चूक तिथेच होते.

करणारा आणि ओढणारा

तीरकामठ्याच्या बाबतीत ही चूक सहसा होत नसे, कारण कामठा करणारा आणि ओढणारा बहुधा एकच असे, नाहीतर एकाच पाड्यावरचे असत. जड झाला तर बांबू आणखी तासायचा, हलका वाटला तर जाड बांबू घ्यायचा. माप लिहून ठेवायची गरजच नव्हती. ते दंडातच असायचं.

या साध्या हत्याराची कुळी मोठी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याचे चार पदार्थ सांगितले आहेत: ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या बरोबरीनं वेणू, म्हणजे बांबूही मोजला आहे. बांबूची दोरी ही जंगलातली तडजोड असावी असं कुणाला वाटेल, पण ती शास्त्रातही नोंदलेली आहे.

इंग्रजांना १८१८ मध्ये खानदेश मिळाला तरी डोंगर मिळाला नाही, तो याच तीरकामठ्यांमुळे. शेवटी १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचं ठाणं होतं आजच्या जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव. कामठ्याचे हात बंदुकीला लागले, पण सगळेच नाही. खाज्या नाईकाच्या उठावात, ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी इथं झालेल्या लढाईत बंदुकांबरोबर बाणही चालले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचं कारण संपलं. कामठा राहिला तो ओळख म्हणून, मिरवणुकीत आणि लग्नात.

उलट्या वाकाचं यंत्र

सरळ कामठा आणि रिकर्व्ह यांतला फरक टोकाला आहे. दोरी चढवल्यावर साध्या कामठ्याची दोन्ही टोकं ओढणाऱ्याकडे झुकतात. रिकर्व्हची टोकं मात्र उलट, लक्ष्याकडे वळलेली असतात, आणि दोरी त्या वळणावर काही अंतर टेकून बसते. ओढायला लागलं की दोरी त्या वळणावरून सुटत जाते, म्हणजे जणू तिची लांबी वाढते. त्यामुळे ओढ सुरुवातीलाच चांगली भरते आणि शेवटी एकदम अंगावर येत नाही. सोडल्यावर दोरी पुन्हा त्या वळणावर टेकत जाते आणि बाणाला शेवटचा रेटा मिळतो. तेवढ्याच लांबीच्या सरळ धनुष्यापेक्षा रिकर्व्ह जास्त ताकद साठवतं ते यामुळे.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचं. म्हशीचं शिंग, लाकूड आणि स्नायूचे तंतू सरसानं एकत्र चिकटवून केलेली अशी उलट वळणाची धनुष्यं घोडदळ शतकानुशतकं वापरत आलं. धनुर्वेदाच्या परंपरेतली विभागणी सरळ आहे: हत्ती-घोड्यावरच्याला शिंगाचं आखूड धनुष्य, पायी चालणाऱ्याला बांबूचं लांब. म्हणजे 'उत्तम धनुष्य कोणतं' असा प्रश्न तिथं नाही. 'कुणासाठी' हा प्रश्न आधी आहे.

आजच्या रिकर्व्हमध्ये शिंगाची जागा लाकडाच्या पट्ट्या आणि फायबरग्लासनं घेतली आहे. पारंपरिक रिकर्व्ह कधी एकसंध असतं, तर कधी तीन तुकड्यांचं: मधला मुठीचा भाग म्हणजे रायझर, आणि वरखाली दोन पाती. मैदानावर पात्यांना 'लिंब' म्हणतात. मराठी कानाला आधी झाड आठवतं, मग सवय होते. शिकणाऱ्यानं तीन तुकड्यांचंच घ्यावं, कारण दंड भरला की फक्त पाती बदलता येतात. एकसंध धनुष्य दिसायला देखणं असतं, पण वाढत्या पोराला ते वर्षभरात हलकं पडतं किंवा पहिल्या दिवसापासूनच जड असतं.

आधी डोळा, मग हात, मग पाउंड

निवडीची सुरुवात डोळ्यापासून करायची. दोन्ही तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवून हात लांब करा, त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहा, आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो तुमचा प्रबळ डोळा. तो उजवा असेल तर उजव्या हातानं ओढायचं, म्हणजे धनुष्य डाव्या हातात. जेवायचा हात आणि हा डोळा एकाच बाजूचे असतीलच असं नाही. नव्यानं शिकणाऱ्यानं अशा वेळी शक्यतो डोळ्याचं ऐकावं.

मग ओढीची लांबी. दोन्ही हात बाजूला पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची वाव मोजा आणि तिला अडीचनं भागा. वाव १७० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ६७ इंच असेल, तर ओढ साधारण २७ इंच येते. हा आकडा अंदाजाचाच. पक्का आकडा मैदानावर, हलक्या धनुष्याची दोरी हनुवटीपर्यंत नेऊन कळतो.

ओढीवरून धनुष्याची लांबी ठरते. मैदानी नेमबाजीसाठी २६-२७ इंच ओढीला ६४ ते ६६ इंचांचं, २८ ते २९ इंचांना ६८ चं, आणि त्याहून लांब हातांना ७० इंचांचं धनुष्य बरं पडतं. लांब हाताच्या माणसानं आखूड धनुष्य घेतलं तर पूर्ण ओढीत दोरीचा कोन तीव्र होतो, बोटं चिमटतात आणि शेवटच्या दोन इंचांत ओढ अचानक जड होते. अग्निपुराणात पायदळाच्या धनुष्याची मापं दिली आहेत: चार हात उत्तम, साडेतीन मध्यम, तीन कनिष्ठ. हात दीड फुटाचा धरला तर ती ७२, ६३ आणि ५४ इंच होतात. आजच्या रिकर्व्हची मापंही याच पट्ट्यात येतात.

आता पाउंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर. पात्यावर २४ असा आकडा असतो तो २८ इंच ओढीचा. ज्याची ओढ साडेसव्वीस इंच आहे त्याच्या बोटांवर तेच पातं साधारण २१ पाउंड भरतं. एकेका इंचाला सुमारे दोन पाउंडांचा फरक धरायचा. ऑलिंपिकमधले पुरुष ४५ ते ५० पाउंडांपर्यंत ओढतात हे ऐकून बाप मुलासाठी तीस पाउंड मागतो. पण मोठ्या माणसालाही सुरुवातीला वीस ते पंचवीस पुरतात आणि लहान मुलांना दहा ते पंधरा. जड धनुष्य ओढणाऱ्याचा खांदा वर चढतो, पाठीऐवजी दंड काम करतो, हात थरथरतो आणि बाण नेम धरण्याआधीच सुटतो. या सवयी पुढे काढणं शिकण्यापेक्षा अवघड.

वासिष्ठ धनुर्वेदात हे सगळं एका वाक्यात आलं आहे. त्याचा भाव असा: धनुष्यानंच ज्याला पिळून काढलं त्याला लक्ष्य दिसत नाही, म्हणून धनुष्य आपल्या बळाच्या मापाचं असावं. आजचा प्रशिक्षक याहून वेगळं काही सांगत नाही.

बाण सर्वांत शेवटी घ्यायचा, कारण तो धनुष्याला बघून घ्यायचा असतो. सुटताना बाण वेलीसारखा लवतो आणि रायझरला वळसा घालून जातो. पाउंडाच्या मानानं तो फार ताठ किंवा फार लवचीक असला तर बाण एका बाजूला जातो आणि पोर उगाच स्वतःला दोष देत बसतं. पाती बदलली की बाणही तपासावेत. नवशिक्यासाठी ते ओढीपेक्षा एक-दोन इंच लांबच ठेवावेत. पूर्ण ओढीत आखूड बाणाचं टोक मुठीमागे येणं धोक्याचं.

पाटणचा शर

धनुष्यावर दोरी चढवलेली असताना मूठ आणि दोरी यांच्यातलं अंतर मोजावं लागतं. ६६ इंची रिकर्व्हला ते साधारण आठ इंच असतं. ते कमी-जास्त झालं की धनुष्याचा आवाज बदलतो, बाणाची चाल बदलते. आपल्या जुन्या गणितात या अंतराला अचूक शब्द आहे: शर. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची दोरी म्हणजे ज्या, आणि चापाच्या मध्यापासून दोरीपर्यंतची उभी रेघ म्हणजे शर. याच 'ज्या'चं अरबी-लॅटिन मार्गानं 'साइन' झालं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं स्थापलेल्या मठाची नोंद आहे. काळ तेराव्या शतकाचा आरंभ. भूमितीचे हे तीनही शब्द कामठ्यावरून आले, आणि खानदेशातल्या त्या मठात ते शिकवले जात होते.

खानदेशापुरती एक सूचना. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या पात्यांचे थर सुटू शकतात, पातं पिळवटतं. सराव संपला की दोरी उतरवा, धनुष्य सावलीत आडवं किंवा पिशवीत ठेवा, उभं टेकवून नको. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणात जायची सगळी ताकद तेव्हा पात्यातच उलटते, आणि एका खेपेतच नवं पातं फुटू शकतं.

बांबूपासून सत्तर मीटरपर्यंत

बांबूचा हात रिकर्व्हवर बसतो का, असं विचारणाऱ्याला लिंबा रामचं नाव सांगावं. राजस्थानातल्या अहारी आदिवासी घरातला, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला हा मुलगा १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून त्यानं जागतिक विक्रमाची बरोबरी केली. आपल्याकडचा प्रवीण जाधव साताऱ्यातल्या सरडे गावचा. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला रौप्यपदक मिळालं त्या संघात तो होता, आणि पुढे टोकियो ऑलिंपिकला गेला. तिथं ७० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटीमीटरचं असतं.

आणि एकलव्याबद्दल. आजच्या रिकर्व्हमध्ये दोरी तर्जनी, मधलं आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात. अंगठा लागतच नाही.

म्हणून पोराला घेऊन मैदानावर जाल तेव्हा प्रशिक्षकाकडे हलकी पाती मागा. दोरी हनुवटीला लावून त्याला तिथेच थांबवा आणि मनात तीसपर्यंत मोजा. खांदा न चढता, हात न थरथरता तो थांबला, तर ते धनुष्य त्याचं. नाही थांबला तर दोन पाउंड उतरा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तोवर विकत काही घेऊ नका.