सांधा शिकवणारी शाळा

फिनलंड-स्वीडनकडच्या ओंडक्यांच्या घराला भिंतीत खिळा लागत नाही. ओंडक्यावर ओंडका आडवा रचायचा, कोपऱ्यात प्रत्येकाला खाच पाडायची. वरच्याच्या वजनाने खालचा जागच्या जागी बसतो. 1638 साली डेलावेअर नदीकाठी न्यू स्वीडनची वसाहत झाली आणि स्वीडिश-फिनिश कुटुंबांबरोबर ही रीत अमेरिकेत पोहोचली. आज तिथे असं घर बांधायला शिकवणाऱ्या कार्यशाळा भरतात. आयुष्यात कधी पटाशी न धरलेली माणसं येतात, खाचा बिघडवतात, पुन्हा पाडतात आणि शेवटी भिंतीचे थर जुळवून दाखवतात. परीक्षेचा कागद नसतो. भिंत उभी राहिली की शिक्षण झालं. गोंदिया जिल्ह्यात असं शिक्षण हवं, असं माझं ठाम मत आहे. मात्र ते ओंडक्यांच्या घराचं असून चालणार नाही.

साधा हिशेब करू. चार मीटर बाय पाच मीटरची एकच खोली, ओंडका 20 सेंटिमीटर जाडीचा, भिंत 2.4 मीटर उंच. चारही बाजूंनी 12 थर लागतील, म्हणजे 48 ओंडके. लाकूड भरतं जवळपास पावणेसात घनमीटर, तेही छप्पर न धरता. तिकडचे स्प्रूस आणि पाइन सरळसोट वाढतात, एकसारख्या जाडीचे मिळतात आणि थंडीत जाड लाकडाची भिंत ऊब धरते. आपल्याकडे साग, येन, बिजा. सागाला तोडणीयोग्य व्हायला कित्येक दशकं लागतात, तोड कायद्याने बांधलेली आणि मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो. हिमाचलात देवदाराची काठकुणी घरं शोभतात, कारण तिथे देवदार आहे. झाडीपट्टीत शोभतो तो बांबू.

आणि बांबूने घर बांधायची विद्या इथे होतीच. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव भागातलं जुनं घर नीट पाहा. खांब सागाचे किंवा येनाचे, त्यांवर मयाल, मयालीवर आडं, आड्यापासून वळचणीपर्यंत बांबूचे वासे, त्यांवर आडव्या बत्त्या आणि वर कवेलू. भिंत कुडाची: उभ्या बांबूंमधून कामट्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी धानाचं तणस व शेण कालवलेल्या मातीने लिंपायचं. वजन सगळं खांबांवर. भिंत फक्त आडोसा करते. ओल खाल्लेला कूड काढून नवा बसवला तरी छप्पर हलत नाही. घरधनी, सुतार, बुरूड आणि दोन-चार शेजारी इतक्या हातांनी हे घर उभं राही. मध्य प्रांताच्या काळापासून निस्तार हक्कात गावाला जंगलातला बांबू-बल्ली मिळे, त्यावर हा व्यवहार टिकला.

मग तो मोडला का? एक कारण भुंगा. बांबूच्या गरात पिष्ट असतं. भुंगा ते खायला आत शिरतो आणि वर्षा-दोन वर्षांत वाशाखाली पिवळसर भुकटीचा ढीग दिसू लागतो. जुन्या लोकांना याची जाण होती. तीन वर्षांचा झालेला बांबूच तोडायचा, पावसाळ्यात हात लावायचा नाही, तोडल्यावर तळ्यात बुडवून ठेवायचा. पाण्यात राहून पिष्ट कमी होतं. आज बोरिक आम्ल एक भाग आणि बोरॅक्स दीड भाग पाण्यात मिसळून त्यात बांबू बुडवतात किंवा ओल्या बांबूच्या बुडातून हे द्रावण दाबाने आत ढकलतात. औषध पाण्याने धुपतं, म्हणून असा बांबू छपराखाली आणि जमिनीपासून वीतभर वर असायला हवा. मोठी वळचण आणि दगडी जोतं ही आपली जुनी सवय नेमकी हेच साधत होती.

दुसरं कारण सांधा. इथला मानवेल बांबू भरीव, चिवट. पण खिळा मारला की सरळ उभा चिरतो, कारण त्याचे तंतू सगळे एकाच दिशेने धावतात. म्हणून खांबाच्या टोकाला अर्धगोल खोबण करावी लागते, वरच्या आडव्या बांबूची गोलाई तीत बसेल अशी. आधी आरीने दोन तिरके छेद, मग पटाशी, शेवटी गोल कानस. बांबू ठेवून पाहायचा, फट दिसली की पुन्हा कानस. खोबण पेराच्या गाठीच्या लगेच वर हवी. गाठ लांब राहिली तर भार आल्यावर तोंड फाकतं. मग गिरमिटाने भोक पाडून बोल्ट आवळायचा आणि पोकळ बांबू असेल तर त्या पेरात मसाला भरायचा. हे वाचून कळतं, पण येत नाही. कानस किती दाबायची हे मनगटाला कळावं लागतं. शिवाय बांबू वाळताना आकसतो, बांधणी सैल पडते. ओंडक्यांची भिंतही वाळताना काही सेंटिमीटर खाली बसते, म्हणून तिकडचे कारागीर खिडकीच्या वर फट सोडतात. अशी घरं बांधून झाल्यावरही हलत असतात आणि कुठे आवळायचं हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं.

विदर्भाला या बाबतीत गुरूंची वाण नाही. 1936मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा आसपासचंच सामान, गावचेच कारागीर आणि खर्च शंभर रुपयांच्या आत, असा त्यांचा आग्रह होता. माती-बांबूची ती घरं तिथे आजही उभी आहेत. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी बांबूसाठी आयुष्य वेचलं. ‘वेणुभारती’ हा त्यांचा ग्रंथ. त्यांच्या प्रेरणेतून सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी मेळघाटातल्या लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र उभारलं आणि कोरकू तरुणांच्या हाती हत्यारं दिली. 2021मध्ये सुनीलभाऊ करोनाने गेले; काम चालू राहिलं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला राज्य सरकारचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या बांबूच्याच इमारतीला 2021मध्ये आग लागली. ती बातमी वाचून बांबूवरचा विश्वास उडालेले लोक मला भेटले आहेत. मला त्यातून उलटा धडा दिसतो: उघडा बांबू जळतो, तर दोन्ही बाजूंनी मातीने लिंपलेल्या कुडाला आग सहज धरत नाही. शोभेसाठी बांबू उघडा ठेवायचा मोह आवरला पाहिजे.

भूकंपाचाही दाखला घ्या. कोलंबियात 25 जानेवारी 1999 रोजी आर्मेनिया शहराभोवती भूकंप झाला. आपल्या कुडासारखी, बांबूच्या सांगाड्यावर लिंपलेली ‘बाहारेके’ घरं, जिथे नीट राखलेली होती तिथे, साध्या विटांच्या घरांपेक्षा चांगली टिकली. सरकारने 2002मध्ये या पद्धतीला भूकंपरोधक बांधकामाच्या संहितेत जागा दिली. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही बांबूवर स्वतंत्र विभाग आहे. 2016च्या आवृत्तीत तो आहे. तरी सरकारी सर्वेक्षणात बांबू-मातीची भिंत कच्च्या घरातच मोजली जाते आणि घरकुल मिळालेलं कुटुंब विटा-सिमेंटच आणतं. त्या कुटुंबाला दोष कसा द्यावा? त्याला भरवशाचं बांबूचं घर दाखवलंच कुणी?

खरं तर नमुना हाताशी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांचं जवळपास दीड महिन्याचं प्रशिक्षण चालतं आणि शिकणारे प्रत्यक्ष घरकुलच बांधतात. विटेसाठी जे जमतं ते बांबूसाठी का नको? आज बांबू प्रशिक्षण म्हटलं की टोपली, दिवा, पेनस्टँड. त्याला बाजार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण बुरूड कारागिराच्या हातात जे कसब आहे ते दिव्यापाशी थांबवणं मला पटत नाही. सुतार, बुरूड आणि गवंडी यांना एका जोत्यावर आणावं, एक अंगणवाडी किंवा ग्रामसभेचं सभागृह बांधायला द्यावं आणि जो सांधा सैल पडेल तो ज्याने केला त्यानेच वर्षाने येऊन आवळावा.

मालाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. 27 एप्रिल 2011 रोजी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं आणि वनहक्क कायद्यातला बांबूवरचा हक्क प्रत्यक्षात आला. 2017मध्ये भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला झाडतोडीची अट उरली नाही. गोंदियातल्या ग्रामसभांकडेही सामूहिक वनहक्क आहेत. वेळेचं गणितही जुळतं. मार्गशीर्षापर्यंत धान कापून होतो, हात मोकळे होतात. बांबूत पिष्ट कमी असण्याचा काळ तोच. पौषात तोड आणि औषध, माघात सावलीत वाळवण, फाल्गुनापासून सांधे आणि छप्पर. मृगाआधी कवेलू चढले पाहिजेत.