चोराला सोबत हवी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने भूमिकाधारी खेळाचा प्रकार रूढ केला. या प्रकारात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे फळ फासे व सूत्रधार, म्हणजे डंजन मास्टर, मिळून ठरवतात. मूळ नियमांत योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू हे तीनच वर्ग होते. चोराचा वर्ग 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीतून आला आणि 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो 'रोग' या इंग्रजी नावाने ओळखला जाऊ लागला. अंधारातून एकटाच वावरणारा, कुणाचे देणे न लागणारा एकांडा शिलेदार अशी प्रतिमा मनात धरून नवे खेळाडू हा वर्ग निवडतात. परंतु आरंभीच्या पातळ्यांवर, म्हणजे अनुभवाचे गुण साठवून पात्र बलवान होण्यापूर्वी, या प्रतिमेइतके घातक दुसरे काही नाही.

जुन्या नियमांचे आकडेच याची साक्ष देतात. पात्र किती मार सोसू शकते हे दाखवणारे 'हिट पॉइंट' 'ग्रेहॉक'मध्ये चोराला चार बाजूंच्या फाशावर मिळत, म्हणजे पहिल्या पातळीचा चोर जादूगाराइतकाच नाजूक असे. 1978 च्या प्रगत आवृत्तीने त्याला सहा बाजूंचा फासा दिला. मात्र वंश व चपळाई यांमुळे होणारी वाढ-घट वगळली, तर त्याची कौशल्ये टक्केवारीत तुटपुंजीच राहिली: कुलूप उघडणे 25, सापळा शोधणे वा निकामी करणे 20, निःशब्द चालणे 15 आणि सावलीत लपणे अवघे 10 टक्के. सापळा लावलेली कुलूपबंद पेटी उघडायची तर आधी सापळा सापडावा लागे, मग तो निकामी व्हावा लागे आणि शेवटी कुलूपही उघडावे लागे. तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ साधण्याची शक्यता शंभरात एक एवढीच होती. भिंत चढण्यात मात्र तो 85 टक्के पटाईत होता, त्यामुळे त्या काळातल्या चोराचा खरा गुण पळ काढण्यात होता असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही. त्याची भरपाई अन्यत्र होती. त्या नियमांत हस्तगत केलेल्या सोन्याचेही अनुभवगुण मिळत आणि दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला 2,001 गुण लागत असताना चोराला 1,251 पुरत, म्हणून लढाई टाळून ऐवज लांबवणे हाच त्याच्या वाढीचा शहाणा मार्ग ठरे.

2014 ची पाचवी आवृत्ती येईपर्यंत टक्केवारी कधीच मागे पडली होती. या आवृत्तीने चोराचे बळ उभे राहण्याच्या जागेत ठेवले. चपळाई 16 आणि चिवटपणा 14 असलेल्या, साधे चामडी चिलखत घातलेल्या पहिल्या पातळीच्या चोराजवळ 10 हिट पॉइंट असतात. गॉब्लिन या क्षुद्र शत्रूचा वार त्याला 55 टक्के वेळा लागतो, तर साखळीचे चिलखत व ढाल घेतलेल्या योद्ध्याला 35 टक्के वेळा. शिवाय अशा एका वाराने सरासरी साडेपाच हिट पॉइंट जात असल्याने दोन वारांत चोर आडवा होऊ शकतो. याउलट त्याच्या हातातले अस्त्र म्हणजे 'स्नीक अटॅक': चोर लपलेला असल्यामुळे किंवा अन्य कारणाने दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत मिळाली असेल, अथवा चोराचा एखादा साथीदार शत्रूपासून पाच फुटांच्या आत लढत उभा असेल, तर लागलेल्या वारात आणखी एका सहा बाजूंच्या फाशाची भर पडते. लहान धनुष्याने असा बाण लागला की सरासरी दहा हिट पॉइंटांची हानी होते, आणि 2014 च्या पुस्तकातल्या गॉब्लिनकडे असतात सातच.

या दोन अटींपैकी दुसरी अधिक महत्त्वाची आहे, कारण ती लपण्याच्या फाशावर अवलंबून नाही. योद्ध्याने शत्रूला अडवून धरावे आणि चोराने 80 फुटांच्या आतून, शक्यतो खांबाआडून, त्याच शत्रूवर बाण सोडावा, ही मांडणी दिसायला रुक्ष असली तरी जीव वाचवणारी आहे. दोन हातांत दोन आखूड तलवारी घेण्याचा मोहही समजण्यासारखा आहे. गॉब्लिनविरुद्ध एक वार 55 टक्के वेळा लागतो, तर दोनपैकी निदान एक लागण्याची शक्यता सुमारे 80 टक्के होते. पण त्यासाठी शत्रूला भिडावे लागते, आणि भिडल्यावर सरळ मागे सरले तर शत्रूला एक फुकटचा वार मिळतो. दुसऱ्या पातळीवर मिळणारी 'कनिंग ॲक्शन' त्यावर उतारा आहे: वार करून त्याच फेरीत धावणे, लपणे किंवा फुकटचा वार न खाता निसटणे तिच्यामुळे जमते. मात्र दुसऱ्या तलवारीचा वार आणि ही सवलत दोन्ही एकाच जादा कृतीतून खर्च होतात, तेव्हा पहिला वार लागला असेल तर दुसऱ्याचा हव्यास सोडून मागे सरणे शहाणपणाचे.

उरतो टेहळणीचा प्रश्न, आणि नवशिके चोर सर्वाधिक मरतात ते इथेच, अशी शंका घेण्यास जागा आहे. चांगला लपणारा म्हणून त्याला पुढे पाठवले जाते आणि तो तीन दालने ओलांडून जातो. बहुतेक पात्रे एका फेरीत 30 फूट चालतात, सर्व कृती धावण्यात घातली तर 60. म्हणजे त्याहून पुढे गेलेल्या चोरापर्यंत पोहोचायला साथीदारांना किमान दोन फेऱ्या लागतात, आणि दोन गॉब्लिन समोर आले तर त्याच्या 10 हिट पॉइंटांना एक फेरीदेखील भारी पडू शकते.