मॉरिशसचे चार पट्टे

विषुववृत्ताच्या उत्तरेस मूर्तिजापूर जितके दूर, जवळपास तितकेच दक्षिणेस मॉरिशस. दोघांचेही अक्षांश विसाच्या घरातले. मात्र वऱ्हाडात मे महिन्यात जमीन भाजून निघत असताना तिकडे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

नाते याहून जुने आहे. वऱ्हाडची काळी कापूस-माती ज्या दख्खनच्या बेसाल्टपासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला. पृथ्वीच्या पोटातील त्याच तप्त स्थानातून पुढे मॉरिशसही वर आले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवरील या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर, तर सर्वोच्च शिखर ८२८ मीटर. भोवताली प्रवाळाचे कडे, मध्ये पठार आणि जिकडेतिकडे ऊस! या उसासाठीच १८३४ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी कुटुंबेही होती. गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुटी असते.

ध्वजावर वरून खाली लाल, निळा, पिवळा व हिरवा असे चार समान आडवे पट्टे आहेत. लाल रंग स्वातंत्र्यलढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा आणि हिरवा शेतीचा व बारमाही हिरवाईचा, असा त्यांचा अधिकृत अर्थ. आपल्या तिरंग्यावर अशोकचक्र आहे. येथे मात्र कोणतेही चिन्ह नाही.

हा साधेपणा त्या काळी किती मोलाचा होता, हे आकड्यांवरून कळते. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत जातीय दंगली उसळल्या आणि त्या शमविण्यासाठी ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी व फ्रेंच वंशाच्या लोकांच्या या देशात एखाद्या समाजाचे चिन्ह ध्वजावर आले असते, तर तो निम्म्या लोकांना परकाच वाटला असता. दंगलींनंतर काही आठवड्यांतच, १२ मार्च १९६८ रोजी, पोर्ट लुईच्या शां द मार्स या घोडशर्यतींच्या मैदानावर तो प्रथम फडकला. १२ मार्च १९९२ रोजी देश प्रजासत्ताक झाला. ब्रिटनच्या राणीचे राष्ट्रप्रमुखपद संपुष्टात आले, पण ध्वज तोच राहिला.