बाहीची लांबी आणि हरण्याची व्याख्या

समोरच्याचा हात घट्ट धरायचा, झटक्यात आत वळून त्याला पाठीवर घ्यायचे आणि खांद्यावरून पुढे जमिनीवर आदळायचे. आपल्या आखाड्यातला पैलवान या डावाला धोबीपछाड म्हणतो, ज्युदोतला खेळाडू सेओइ-नागे म्हणतो आणि बीजिंगचा जुना मल्ल च्वाय. आतून पाय अडकवून उपटणे, मांडीने मांडी उचलणे, पुढे पडणारे पाऊल टेकायच्या आतच उडवणे, असे आणखी कितीतरी डाव चीनच्या पारंपरिक कुस्तीत, म्हणजे श्वायज्याओत आहेत आणि जपानच्या ज्युदोतही आहेत. दोन्हीकडे अंगात जॅकेट आणि कमरेला पट्टा. त्यामुळे या दोन विद्यांची तुलना निघाली की चर्चा ठरलेल्या दोन प्रश्नांवर येऊन अडते: कोणी कोणाकडून उचलले आणि दोघांत भारी कोण? हे दोन्ही प्रश्न आपल्याला आडवाटेला नेतात. या कुस्त्या एकमेकींपासून दूर गेल्या त्या दोन अगदी साध्या गोष्टींमुळे. एक, जॅकेटची बेतणी. दुसरी, हरला कोणाला म्हणायचे याचा नियम. पकड, पवित्रा, डावांची निवड आणि रोजचा सराव, सगळे या दोन गोष्टींतून निपजले आहे.

आधी कपड्याकडे पाहू. ज्युदोचे जॅकेट सैल असते आणि बाह्या मनगटापर्यंत येतात. खेळाडू एका हाताने समोरच्याची बाही कोपराजवळ धरतो, दुसऱ्या हाताने छातीवरची पट्टी. कापड सैल असल्यामुळे ओढ लागायला क्षणभर वेळ जातो; म्हणून आधी तोल मोडायचा, मग अंग आत घालायचे आणि मग टाकायचे, अशी डावाची टप्प्याटप्प्याची शिकवण ज्युदोत पक्की झाली. श्वायज्याओच्या जॅकेटला दालियान म्हणतात. सुती कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून, जवळजवळ टाके घालून ते शिवलेले असते. ते अंगाला घट्ट बसते आणि बाह्या दंडावरच संपतात. कोपराखाली धरायला कापडच नाही. मग मल्लापुढे दोनच वाटा उरतात: घामाने निसटते मनगट पकडायचे, नाहीतर थेट आत शिरून दंडाची कड, छाती किंवा पाठीमागचा पट्टा गाठायचा. लांबून खेचाखेची करत बसण्याची सोय नाही, आणि पक्क्या शिवणीच्या कापडात एकदा बोटे रुतली की ती सोडवणेही सोपे नाही. म्हणून श्वायज्याओत पकड मिळवणे, तोडणे आणि पुन्हा मिळवणे ही स्वतंत्र विद्याच होऊन बसली. विजार धरायला मनाई आहे, पण पायाला हात घालायला नाही. त्यामुळे वरच्या हाताने मान किंवा छाती दाबत खालच्या हाताने गुडघा अडवायचा, असे वर-खाली एकदम चालणारे डाव तिथे फोफावले.

दुसरी गोष्ट हार-जितीची. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि ताबा न सोडता पाठीवर टाकले की पूर्ण गुण, म्हणजे इप्पोन, आणि लढत तिथेच संपते. तसे झाले नाही तर झटापट जमिनीवर चालू राहते. तिथे वीस सेकंद दाबून धरले, गळा आवळून किंवा कोपराचा सांधा पिळून शरण आणले, तरी इप्पोन मिळतो. श्वायज्याओत तळपायांखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की तो पडला. हात टेकला, गुडघा टेकला, तरी त्या फेकीचा निकाल लागला. दोघे पुन्हा उभे राहतात आणि पुढची झटापट सुरू होते. या एका फरकाने केवढी उलथापालथ होते पाहा. ज्युदोत तोमोए-नागे हा नावाजलेला डाव आहे: स्वतः पाठीवर लोळायचे, समोरच्याच्या पोटाला पाऊल लावायचे आणि त्याला डोक्यावरून भिरकावायचे. श्वायज्याओत हाच डाव म्हणजे आपण होऊन हरणे, कारण लोळणाऱ्याचीच पाठ आधी टेकते. गुडघ्यांवर बसून मारलेल्या धोबीपछाडीचेही तेच. उलट, पायाला हलकी टिचकी मारून समोरच्याला एका गुडघ्यावर आणणारा चिनी मल्ल गुण घेऊन जातो. ज्युदोचा पंच त्याच्याकडे बघणारही नाही. चिनी नियमांत टाकणारा स्वतः उभा राहिला तर गुण जास्त. म्हणून तिथली फेक उभ्या अंगाची आणि आखूड असते, टाकून झाल्यावर पाय आपल्या जागी घट्ट असतात. ज्युदोत टाकणारा अनेकदा समोरच्यासोबत स्वतःही खाली जातो आणि त्याला जमिनीवर सोडत नाही.

रोजची मेहनतही याच हिशेबाने ठरलेली. चिनी तालमीत दगडी कुलूप नावाचे एक साधन असते. जुन्या चिनी कुलपाच्या आकाराचा दगडी ठोकळा आणि वर कोरलेली मूठ. तो झोका देऊन हवेत फेकायचा, फिरला की पुन्हा मुठीत झेलायचा. याने पंजा आणि मनगट तयार होते, आणि ज्या कुस्तीत उघडे मनगट पकडून ठेवावे लागते तिथे पंजा हेच भांडवल. चामडी पट्टा दोन्ही हातांत ताणून धरत, कंबर वळवत एकट्यानेच डावाच्या हालचाली घोटायची पद्धतही आहे. ज्युदोत पहिले काही आठवडे जातात पडायला शिकण्यात: हनुवटी छातीशी, हाताचा सपाटा मॅटवर. त्यानंतर जोडीदाराच्या अंगात शेकडो वेळा शिरून डावाची सुरुवात घोटायची. पूर्ण ताकदीने पाठीवर टाकणे हेच जिथे ध्येय आहे, तिथे सुखरूप पडता येणे ही पहिली गरज असणारच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नियम तर वरवरचे. खरा फरक विचाराचा आहे. ज्युदोमागे तिचे संस्थापक कानो जिगोरो यांचे तत्त्वज्ञान आहे, शक्तीचा पुरेपूर सदुपयोग आणि परस्परांचे कल्याण ही त्याची सूत्रे आहेत. आक्षेपात तथ्य आहे, पण कानोंचा विचार मॅटवर कसा उतरला हे पाहिले पाहिजे. शिक्षक असलेल्या कानोंनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान या ज्युदोच्या शाळेची स्थापना केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येच्या दोन परंपरा ते शिकले होते. त्यांतले जे डाव पूर्ण जोर लावूनही जोडीदाराला जायबंदी न करता घोटता येतील, ते त्यांनी खुल्या सरावासाठी ठेवले आणि आघात व घातक प्रकार ठरलेल्या कवायतींपुरते मर्यादित केले. म्हणजे तत्त्वज्ञान आले ते नियमाच्या दारातून. तत्त्वज्ञान कायम ठेवून नियम बदलला तर काय होते, याचा दाखलाही ज्युदोच्याच इतिहासात आहे. १९१४ पासून क्योतोच्या शाही विद्यापीठाच्या पुढाकाराने उच्च विद्यालयांच्या स्पर्धा सुरू झाल्या. तिथे टाकल्याशिवाय थेट जमिनीवर खेचायची मुभा होती. काही वर्षांतच मुलांनी उभ्या कुस्तीला बगल देऊन जमिनीवरची विद्या अशी वाढवली की १९२५ मध्ये कोदोकानला आपल्या नियमांत खेचाखेचीवर लगाम घालावा लागला. गणवेश तोच, गुरू तोच, सूत्रे तीच; एका मुभेने वेगळीच कुस्ती उभी राहिली.

दुसरा दाखला अगदी अलीकडचा. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये नायदानगीन तुवशिनबायरने ज्युदोत सुवर्ण जिंकले आणि मंगोलियाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. मंगोलिया आणि मध्य आशियातले मल्ल आपापल्या देशी कुस्तीतले पायाला हात घालण्याचे डाव ज्युदोत सर्रास वापरत होते. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१० मध्ये थेट पाय पकडण्यावर बंदी आणली आणि २०१३ मध्ये पट्ट्याखाली हाताने धरणेच बंद केले. बघता बघता खेळाडू ताठ उभे राहू लागले आणि पायांवर झडप घालणारे डाव स्पर्धेतून नाहीसे झाले. ज्या डावांवर संक्रांत आली त्यांत काता-गुरुमाचे मूळ रूप होते: समोरच्याची मांडी कवेत घेऊन त्याला दोन्ही खांद्यांवर आडवे उचलण्याचा डाव. तरुणपणी वजनाने भारी असलेल्या सहाध्यायाला पाडण्यासाठी कानोंनी पाश्चात्त्य कुस्तीचे पुस्तक चाळून हा डाव बसवला, अशी त्यांच्या चरित्रातली प्रसिद्ध हकिकत आहे. खुद्द संस्थापकाने परक्याकडून घेतलेला डाव पुढच्यांनी नियमाने काढून टाकला. तो परका होता म्हणून नव्हे. कशी लढत पाहायची आहे, याची कल्पना बदलली म्हणून.

दुसरा आक्षेप वयाचा आणि वंशावळीचा. श्वायज्याओ हजारो वर्षांची आहे, ज्युदो तिचीच शाखा, असे चिनी अभिमानी सांगतात. त्यासाठी छन युआनयुन या सतराव्या शतकात जपानमध्ये स्थायिक झालेल्या विद्वानाचा दाखला देतात. त्याने काही सामुराईंना चिनी विद्या दाखवली आणि तिथून जुजुत्सू निघाले, अशी ही कथा. कानोंनी एकोणिसाव्या शतकातच टी. लिंडसे यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात ती तपासली आणि नाकारली, कारण जपानमध्ये त्याआधीपासून अशा विद्या होत्या. चीनमध्ये प्राचीन काळापासून कुस्ती होती यात शंका नाही. पण आजची श्वायज्याओ जशीच्या तशी प्राचीन नाही. तिच्यावर ठसा आहे तो छिंग काळातल्या मांचू दरबाराचा. सम्राट खांगशीने १६६९ मध्ये ओबोई या बलाढ्य कारभाऱ्याला पकडले ते तरुण मल्लांच्या हातून. पुढे दरबारात शानपूयिंग नावाचे शाही मल्लांचे पथक होते. त्यात मल्लांचे दर्जे ठरलेले, वेतन सरकारी, आणि मंगोल पाहुण्यांच्या मल्लांशी दरबारात लढती होत. श्वायज्याओ हे नाव अधिकृत झाले आणि स्पर्धांचे नियम एकसारखे केले गेले ते १९२८ मध्ये नानजिंगला केंद्रीय क्वोशू (राष्ट्रीय युद्धविद्या) संस्था स्थापन झाल्यावर. त्या अर्थाने नियमबद्ध श्वायज्याओ कोदोकानपेक्षा वयाने लहान भरते. रणांगणावर खाली पडणे म्हणजे मरण, म्हणून ही कुस्ती उभ्यानेच खेळली जाते, असेही समर्थन ऐकू येते. त्यात थोडे तथ्य असेल, पण सामुराईही रणांगणावरच लढत होते आणि त्यांच्या विद्येत जमिनीवरच्या पकडी भरपूर आहेत. एकाच कारणातून दोन उलट परिणाम निघत असतील तर ते कारण पुरेसे नाही.

मग दोघी इतक्या तोडीच्या असतील तर एक जगभर पसरली आणि दुसरी घराजवळच का राहिली? उत्तर डावांत शोधू नये, संस्थांत शोधावे. कानो सरकारी शिक्षणव्यवस्थेतले मोठे अधिकारी होते आणि १९०९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्यही. पट्ट्यांची श्रेणी, शाळांतून शिक्षण, लेखी अभ्यासक्रम यांमुळे ज्युदो कुठेही रुजवता येऊ लागली. तोक्योत १९६४ मध्ये ती ऑलिंपिकमध्ये आली आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या आंतोन खेसिंकने कामिनागा आकिओला जमिनीवर दाबून सुवर्ण नेले. हा खेळ जपानी स्वभावातच आहे, या समजाला याहून मोठा धक्का कोणता? तिकडे छिंग राजवट कोसळल्यावर शाही मल्लांचे वेतन बंद झाले आणि त्यांतल्या कितींनी बीजिंगच्या थ्येनछ्याओ बाजारात प्रेक्षकांच्या पैशांवर कुस्त्या करून पोट भरले. बाओदिंगच्या चपळ शैलीचे ख्यातनाम मल्ल छांग तुंगशंग तैवानला गेले आणि तिथल्या पोलीस महाविद्यालयात शिकवू लागले. चीनमध्ये श्वायज्याओ १९५९ पासून राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत होती, पण १९९० च्या दशकात ऑलिंपिक पदकांकडे लक्ष वळले आणि ती वगळली गेली. त्याच सुमारास चिनी महिलांनी ज्युदोत मुसंडी मारली: १९९२ मध्ये बार्सिलोनात च्वांग श्याओयानने सुवर्ण मिळवले, शियान दोंगमेईने २००४ आणि २००८ अशी लागोपाठ दोन. चीनमध्ये ज्युदो रुजवणाऱ्या प्रशिक्षकांत श्वायज्याओत घडलेले अनेक जण होते.

मराठी वाचकाला यात अनोळखी असे काही वाटू नये. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा लाल मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅट आणि गुणांचे आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. तरी ते सहावे आले. नियम अंगवळणी पाडल्यावर १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्य मिळवले. मधल्या चार वर्षांत मल्ल तोच होता, हार-जितीची व्याख्या त्याने नव्याने शिकून घेतली होती.

म्हणून श्वायज्याओ आणि ज्युदो यांच्या मल्लांना समोरासमोर उभे केले तर कोण जिंकेल, याचे प्रामाणिक उत्तर एवढेच: जॅकेट कोणाचे आणि पंच कोणाचा, ते आधी सांगा. लांब बाही आणि जमिनीवरची मुभा दिली तर पारडे ज्युदोकडे झुकेल. आखूड बाही आणि गुडघा टेकला की हार, असे ठरले तर चिनी मल्लाकडे. हे उत्तर गुळमुळीत वाटेल, पण त्यातून एक जबाबदारी निघते. श्वायज्याओला जागतिक मान्यता मिळवून देऊ पाहणाऱ्यांनी बाही चार बोटे लांबवण्याआधी किंवा टेकलेला गुडघा माफ करण्याआधी हे ध्यानात घ्यावे, की असा प्रत्येक बदल डावांच्या भांडारातून काही काढतो आणि काही नवे घालतो. ज्युदोने असे व्यवहार अनेकदा केले, लाभही घेतला आणि आपल्या संस्थापकाने बसवलेला एक डावही गमावला. चिनी कुस्तीला तोच रस्ता धरायचा असेल तर धरावा. मात्र नियम बदलूनही आपली प्राचीन कुस्ती तशीच राहील, या भ्रमात राहू नये.